चित्र सुंदर आहे, पण ताळा केलात का?

माझा मावसभाऊ आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या हिवाळ्यात तो दोन दिवस माझ्या खोलीवर मुक्कामाला आला होता. कारण साधं होतं. त्याच्या लॅपटॉपवर रेंडर पूर्ण व्हायला रात्र पुरत नव्हती आणि माझ्याकडचा डेस्कटॉप जरा दमदार आहे. त्याचा प्रकल्पही आपल्या जवळचाच होता : पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका.

सकाळी उठून पाहिलं तर पडद्यावर चित्र तयार होतं. लांब टेबलं, खिडक्यांतून येणारं तिरपं ऊन, फरशीवर पडलेली जाळीची सावली. खरंच देखणं होतं. तो म्हणाला, "ताई, ज्युरी खूश होणार बघ."

मी सहज विचारलं, "हे कितीच्या सुमाराचं आहे?"

"डिसेंबर. दुपारी बारा."

"आणि या खिडक्या कुठल्या दिशेला?"

"रस्त्याच्या बाजूला. म्हणजे..." तो थांबला. "उत्तरेला."

दोघंही गप्प झालो. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश उत्तर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी आपल्याकडे सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कलतो, तोही जेमतेम पाच अंश. डिसेंबरात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत येणं शक्यच नाही. झालं असं होतं की शीटवर रस्ता खालच्या बाजूला यावा म्हणून त्याने नकाशा उलटा फिरवला होता, आणि सॉफ्टवेअरने कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर असं धरलं होतं. सॉफ्टवेअरचं गणित अचूक होतं. चूक होती ती त्याला दिलेल्या माहितीत.

तुम्ही म्हणाल, हा आर्किटेक्चरवाल्यांचा प्रश्न, आमचा काय संबंध? संबंध आहे. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर पुढची चार-पाच वर्षं तुम्हीही चित्रंच काढणार आहात : आलेख, सिम्युलेशन, मॉडेल. ती पटण्यासारखी दिसतील. ती बरोबर आहेत का, हा वेगळा प्रश्न. या दोन प्रश्नांतला फरक मला कुठल्याही पद्धतिशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त कळला तो इमारतींच्या संगणकीय चित्रांच्या इतिहासातून. तो आज थोडक्यात सांगते.

रेषांपासून सुरुवात

१९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' हा पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनने रेषा काढायची, आणि 'या दोन रेषा समांतर ठेव' असं संगणकाला सांगायचं. संगणक तसं करून दाखवायचा. आज हे किरकोळ वाटेल, पण संगणकाशी आकड्यांतून नव्हे तर चित्रातून बोलता येतं हे त्यात दिसलं. त्याच वर्षी, तिथेच, लॉरेन्स रॉबर्ट्सने आपल्या प्रबंधात घन वस्तूच्या मागे लपलेल्या रेषा संगणकानेच ओळखून वगळण्याची पद्धत मांडली.

हा मुद्दा नीट बघा. हाताने चित्र काढणाऱ्याला भिंतीच्या मागची खुर्ची पुसावी लागत नाही, कारण तो ती काढतच नाही. संगणकाला मात्र 'समोर' आणि 'मागे' काहीच कळत नाही, त्याला बिंदूंचे आकडे तेवढे माहीत. आपल्याला आपोआप दिसणारी प्रत्येक गोष्ट त्याला कुणीतरी शिकवावी लागते. पुढची वीस-पंचवीस वर्षं याच शिकवणीत गेली.

रात्रपाळीचे विद्यार्थी

आता अमेरिकेतल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात या. तिथे डोनाल्ड ग्रीनबर्ग नावाचे प्राध्यापक आर्किटेक्चर शिकवत होते. आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंग या दोन्हींत त्यांची मुळं होती. सेंट लुईसची प्रसिद्ध कमान उभी राहत असताना तिच्या रचनेवर काम करणाऱ्या सल्लागार संस्थेत त्यांनी नोकरी केली होती. इमारत उभी राहण्याआधी ती जागेवर कशी दिसेल, हे संगणकावर बघता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता.

अडचण एकच. विद्यापीठाकडे तसं यंत्र नव्हतं. ते होतं तासाभराच्या अंतरावरच्या सिराक्यूज शहरात, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. तिथे नासाच्या अंतराळवीरांना सराव करता यावा म्हणून संगणकाने दृश्यं तयार करण्याची यंत्रणा विकसित झाली होती. दिवसा यंत्र कंपनीच्या कामात असे. मग ग्रीनबर्ग आणि त्यांचे आर्किटेक्चरचे विद्यार्थी संध्याकाळी गाड्या काढून सिराक्यूजला जायचे, रात्रभर काम करायचे आणि सकाळी परत. त्यातून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'कॉर्नेल इन पर्स्पेक्टिव्ह' नावाचा छोटा चित्रपट तयार झाला. एकेक फ्रेम संगणकाने काढायची आणि फिल्मवर उतरवायची. विद्यापीठाचा परिसर त्यात फिरून बघता येत होता, आणि त्यात जॉन्सन कला संग्रहालयही होतं. आय. एम. पेई यांच्या कार्यालयाने आराखडा केलेली ही इमारत प्रत्यक्षात १९७३ मध्ये खुली झाली. ग्रीनबर्ग यांनी मे १९७४ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये आर्किटेक्चरमधल्या संगणकीय चित्रांवर लेख लिहिला, आणि त्याच वर्षी कॉर्नेलमध्ये या विषयाची स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली.

त्या चित्रांत काय होतं? सपाट रंगांचे पृष्ठभाग. पुठ्ठा कापून केल्यासारख्या इमारती. आजच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तसं रेंडर लावलं तर शिक्षक परत पाठवतील. पण त्यांचा प्रश्न काय होता ते आठवा : उताराच्या कडेला एवढी उंच इमारत आली तर जुन्या इमारतींच्या शेजारी तिचा आकार कसा दिसेल? त्या प्रश्नाला पुठ्ठ्याची चित्रं पुरेशी होती. त्यांनी प्रकाशाबद्दल काही सांगितलं नाही, आणि सांगतोय असा आवही आणला नाही. म्हणून मला ती आजच्या कित्येक चकचकीत रेंडरपेक्षा प्रामाणिक वाटतात.

दिसायला बरोबर

दरम्यान युटा विद्यापीठात दुसरी मंडळी पृष्ठभाग गुळगुळीत कसे दाखवायचे यामागे लागली होती. १९७१ मध्ये आंरी गुरो याने छोट्या सपाट तुकड्यांच्या कडा डोळ्यांना जाणवू नयेत म्हणून रंगछटा एकमेकींत मिसळण्याची रीत दिली. बुई तुओंग फोंग याने वस्तूवरच्या चकाकीचं सूत्र दिलं. ते १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी, ऐन तिशीत, तो गेला. त्याचं सूत्र आजही जगभर शिकवतात.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. फोंगचं सूत्र भौतिकशास्त्रातून काढलेलं नाही. वस्तूवर पडला त्याहून जास्त प्रकाश तिच्यावरून परत येतोय, असंही त्यातून होऊ शकतं. ते डोळ्यांना पटतं आणि लवकर सुटतं, एवढाच त्याचा दावा. यात लबाडी काही नाही. त्या काळच्या संगणकांवर दुसरं परवडणारंही नव्हतं. १९८० मध्ये बेल लॅब्जच्या टर्नर व्हिटेडने प्रकाशकिरणांचा उलटा माग काढत, काचेचा आणि आरशासारखा गोळा असलेलं चित्र प्रसिद्ध केलं. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांच्या त्या एका चित्राला तेव्हाच्या चांगल्या संगणकावर ७४ मिनिटं लागली.

व्हिटेडच्या चित्रात प्रतिबिंबं होती, सावल्या होत्या, काचेतून वाकलेला प्रकाश होता. तरीही इमारतीच्या आतल्या भागासाठी ते अपुरं होतं. का, ते एखादा जुना वाडा आठवलात तर लगेच कळेल.

चौकातलं ऊन

वाड्याच्या चौकात दुपारी ऊन पडतं. ते माजघरात येत नाही. तरीही माजघरात अंधार नसतो. चौकाच्या फरशीवर पडलेलं ऊन उसळून ओसरीच्या छताला लागतं, तिथून भिंतीला, भिंतीवरून आत. भिंत गेरूने रंगवली असेल तर शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर तांबूस झाक येते. खोलीच्या आत आपण ज्या उजेडात वावरतो त्यातला मोठा हिस्सा असा हस्ते-परहस्ते आलेला असतो.

व्हिटेडची पद्धत आरशाला आणि काचेला चांगली. चुन्याच्या भिंतीसारखा पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्याचा हिशेब तिच्यात नव्हता. मग करायचे काय? सगळ्या खोलीत एक ठरावीक 'सभोवतालचा प्रकाश' धरायचा. म्हणजे एक आकडा, अंदाजाने. चित्र काळंकुट्ट दिसलं की आकडा वाढवायचा, फिकट दिसलं की कमी करायचा. आर्किटेक्टला जे विचारायचं असतं ते नेमकं याच आकड्यात दडलेलं : मागच्या टेबलावर वाचण्याइतका उजेड पोचेल का? ज्याचं उत्तर हवं तेच आपण हाताने भरून टाकत होतो.

भट्टीचं गणित

उत्तर सापडलं ते चित्रकलेत नाही, भट्टीत. तापलेल्या भट्टीच्या भिंती एकमेकींना उष्णता देत-घेत असतात. प्रत्येक पृष्ठभागाने किती दिली, किती घेतली, याचा हिशेब उष्णतेचे इंजिनिअर अनेक वर्षं करत होते. प्रकाश आणि उष्णतेचं प्रारण, दोन्ही शेवटी एकाच जातीचं. मग तोच हिशेब खोलीतल्या प्रकाशाला का लावू नये?

१९८४ मध्ये कॉर्नेलच्या सिंडी गोरल, केनेथ टॉरन्स, डोनाल्ड ग्रीनबर्ग आणि बेनेट बॅटेल यांनी तो लावला. टॉरन्स हे मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते, हे मुद्दाम सांगते. या पद्धतीला रेडिओसिटी म्हणतात. कल्पना अशी : खोलीच्या भिंती, छत, फरशी यांचे छोटे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावरून निघणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश, अधिक इतर सगळ्या तुकड्यांकडून आलेल्या प्रकाशातला त्याने परतवलेला भाग. एका तुकड्यावरून निघालेल्या प्रकाशाचा कितवा हिस्सा दुसऱ्यापर्यंत पोचतो, तो त्या जोडीचा फॉर्म फॅक्टर. हजार तुकडे केले तर हजार समीकरणं आणि जोड्यांसाठी दहा लाख फॉर्म फॅक्टर.

आता या शोधनिबंधातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्यांनी चित्र कशाचं काढलं? राजवाड्याचं नाही, चर्चचंही नाही. एका रिकाम्या खोक्याचं. वेगवेगळ्या रंगांच्या भिंती आणि आत काहीही नाही. कारण मधे एखादी वस्तू आली की ती काही तुकड्यांची वाट अडवणार, आणि त्या अडथळ्यांचा हिशेब त्यांच्या पद्धतीत अजून बसत नव्हता. म्हणून त्यांनी आत काही ठेवलंच नाही. जेवढं गणित येतं तेवढाच प्रश्न घेतला. या पांढऱ्या भिंतीवर शेजारच्या रंगीत भिंतीची झाक उतरलेली दिसली, ती कुणी ब्रशने लावली नव्हती. ती समीकरणांतून आली होती.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, मायकेल कोहेन आणि ग्रीनबर्ग यांनी अडथळ्यांचा हिशेब करण्याची रीत दिली, आणि मग खोक्यात वस्तू ठेवता आल्या. त्याच सुमारास जपानमध्ये निशिता आणि नाकामाए यांनीही स्वतंत्रपणे याच दिशेने काम केलं. 'कॉर्नेल बॉक्स' या नावाने ते खोकं आज या विषयातल्या प्रत्येकाला माहीत आहे. नवी पद्धत काढली की आधी तिथे चालवून दाखवायची, अशी जवळजवळ रीतच पडली.

खोकं खरंच बनवलं होतं

पण गोष्ट इथे संपत नाही. कॉर्नेलच्या गटाने ते खोकं नुसतं संगणकात ठेवलं नाही, प्रत्यक्षात बनवलं. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी दोन पायऱ्यांनी पडताळणी केली. आधी खऱ्या खोक्यात वेगवेगळ्या ठिकाणी प्रारण मोजलं आणि गणिताने सांगितलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. मग खरं खोकं आणि संगणकाचं चित्र शेजारी शेजारी, कॅमेऱ्याच्या काचेतून लोकांना दाखवलं आणि विचारलं, यातलं खरं कुठलं? लोकांची उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखीच निघाली.

क्रम बघा. आधी मोजमाप, मग डोळे. नुसत्या डोळ्यांवर विसंबले असते तर 'लोक फसले' एवढंच सिद्ध झालं असतं. मोजमाप आधी होतं म्हणून 'लोक फसले' याला काही अर्थ आला.

१९८६ मध्येच जेम्स काजियाने आरसा, काच, चुन्याची भिंत या सगळ्यांना सामावून घेणारं एकच समीकरण मांडलं. आजच्या बहुतेक दर्जेदार रेंडरिंग सॉफ्टवेअरच्या मुळाशी ते आहे. बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्डने 'रेडियन्स' ही प्रणाली तयार केली. ती चित्रासोबत टेबलावर किती लक्स उजेड पडेल तो आकडाही देते, आणि आता ती सर्वांना खुली आहे. त्या सुरुवातीच्या दिवसांत कॉर्नेलमध्ये शिकलेला मार्क लेव्हॉय हा पदवीने आर्किटेक्ट. पुढे गुगलच्या फोनमधले कमी उजेडातले फोटो चांगले यावेत यामागच्या संशोधनाचं नेतृत्व त्याने केलं. एका विषयातली शिदोरी दुसऱ्या विषयात अशी कामाला येते.

माझा स्वतःचा ताळा

हे सगळं मी का वाचत बसले, तेही सांगते. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता सौर वाळवणी यंत्रातल्या उष्णतेवर पीएच.डी. करते आहे. वर काच, खाली काळा पत्रा, मधे जाळीचे ट्रे. या पृष्ठभागांतली प्रारणाची देवघेव म्हणजे तेच भट्टीचं गणित. पहिल्या वर्षी मी मॉडेल लिहिलं. आलेख इतका सुरेख आला की मी तो सिनॉप्सिसच्या मुखपृष्ठावर लावायच्या विचारात होते.

माझ्या गाईड मॅडमनी आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "ताळा केलास का?"

शाळेत भागाकार केला की आपण भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून ताळा बघायचो ना, तो. बंदिस्त जागेतल्या एका पृष्ठभागावरून निघालेलं सगळं प्रारण कुठे ना कुठे पोचलंच पाहिजे. म्हणजे त्याच्या सगळ्या फॉर्म फॅक्टरची बेरीज बरोबर १ यायला हवी. मी बेरीज केली. पत्र्याची आली १.१७. माझा पत्रा शंभरातल्या एकशे सतरा वाटण्या करत होता! एक ट्रे मी दोनदा मोजला होता. चार महिन्यांचे आलेख टाकून द्यावे लागले. त्या रात्री जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण तो आलेख सिनॉप्सिसमध्ये गेला असता आणि दोन वर्षांनी कुणी ती बेरीज केली असती, तर काय झालं असतं, हा विचार त्याहून वाईट होता.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या विषयात खोकं कुठलं, ते आधी शोधा. म्हणजे इतका साधा नमुना की त्याचं उत्तर हाताने काढता येईल किंवा प्रत्यक्ष मोजता येईल. तुमची पद्धत तिथे आधी चालवा, राजवाडा नंतर. अंदाजाने भरलेला आकडा मॉडेलमध्ये कुठे बसलाय ते कागदावर लिहून ठेवा. तो जर तुमच्या प्रश्नाच्या उत्तराच्याच जागी बसला असेल, तर तुमच्या हाती अजून काही लागलेलं नाही. आणि 'हे चुकीचं असेल तर मला कशावरून कळेल?' याचं एका वाक्यात उत्तर तयार ठेवा. मुलाखतीत कुणी ना कुणी विचारतंच. नाही विचारलं तरी ते तुमच्या कामाचंच आहे.

मावसभावाचं काय झालं? त्याने उत्तर दिशा सुधारली आणि पुन्हा रेंडर लावलं. ऊन गेलं, जाळीची सावली गेली. चित्र फिकट झालं आणि खिडकीपासून लांबची टेबलं अंधारात गेली. तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताई, इथे खरंच मुलं बसली असती ना, तर भरदुपारी ट्यूब लावून वाचायला लागलं असतं."

त्याने मागच्या बाजूला छताजवळ उंच खिडक्या दिल्या, छत पांढरं ठेवलं आणि टेबलांची रांग फिरवली. नवीन चित्र पहिल्याइतकं देखणं नाही, हे तोही मान्य करतो. शीटवर मात्र त्याने चित्राखाली तारीख, वेळ, दिशा आणि भिंतींचा धरलेला परावर्तनांक लिहिला. ज्युरीत एका परीक्षकांनी चित्र सोडून ती ओळच आधी वाचली.